पाठमोरा बुलबुल

वाजवताना तोताराम मास्टरांची बोटं सोबतच्या कुणाला दिसतील तर शपथ. जळगावच्या नूतन बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. पाठवणीची धून सुरू झाली, नवरी आईच्या गळ्यात पडली, की मास्टर पहिल्या दोन ओळी आपल्या माणसांत उभं राहून वाजवायचे आणि मधली जागा, म्हणजे ती त्यांची खास हरकत, आली रे आली की गर्रकन पाठ फिरवायचे. पाठ वऱ्हाडाकडे नव्हे हं, स्वतःच्याच बँडकडे. बायका डोळ्याला पदर लावायच्या, मुलीचा बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि मास्टर मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून मागं बघत असायचे, कुणी शिकून तर घेत नाही ना! लोकांना ती त्यांची अदा वाटायची. पाठमोरा बुलबुल आला का, असं पोरीसोरी विचारायच्या.

बुलबुल हे त्यांचं बँडमधलं नाव. मूळचे धरणगावचे, घरचं नाव तोताराम. त्यामुळे तोत्याचा बुलबुल झाला म्हणून गावात थट्टा व्हायची ती झालीच. बाकीच्या वाजंत्र्यांचे कोट लाल, मास्टरांचा जांभळ्या मखमलीचा, आणि छातीवर जरीनं 'बुलबुल' काढलेलं. हे नाव म्हणजे बँडची लक्ष्मी होती. लग्न ठरलं की मुलीचा बाप बँडच्या दुकानात येऊन मालकाच्या हातावर सुपारी ठेवतो. सुपारी घेतली की बोलणं पक्कं. नूतन बँडमध्ये सुपारी ठेवण्याआधी माणूस विचारायचा, "बुलबुल येईल ना? तो नसेल तर सुपारी परत द्या."

आता एवढं नाव असलेल्या माणसानं सुखानं भाकरी खावी की नाही? पण मास्टरांना सुख माहीत नव्हतं, कारण हे नाव आपण कसं मिळवलं ते त्यांना माहीत होतं.

पूर्वी बुलबुल दुसराच होता. धुळ्याचा गनी. तोताराम तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहून दुय्यम क्लॅरिनेट वाजवायचा. एकदा अमळनेरला मोठं लग्न होतं, वरात दारात आली, आणि गनी मास्टरचा पत्ता नाही. ताप भरलाय म्हणे. तेव्हाचे मालक पुंजूशेठ यांनी जांभळा कोट उचलला आणि तोतारामच्या अंगावर फेकला. "घाल. टोपी कपाळावर ओढ. बोलू नको, नुसता वाजव." तोताराम वाजवायला लागला आणि त्याच्यात काय संचारलं कोण जाणे, गनीच्या धुनेत त्यानं आपल्या मनानंच एक नवी जागा घातली. मंडप रडला. बुलबुलनं आज काय वाजवलं, असं लोक म्हणाले. दुसऱ्या दिवशी तोतारामनं कोट परत केला नाही. कुणी मागितलाही नाही. गनी धुळ्याला गेला तो परत जळगावात दिसला नाही.

झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. जसा आपण गनीचा कोट घातला तसा कुणीतरी एक दिवस आपला घालणार, ही गाठ मास्टरांच्या मनात बसली ती बसलीच. नवा माणूस बँडमध्ये आला की आधी त्याची बोटं बघायची, मग तोंड. रियाझ करायचा तर दाराला आतून कडी. आणि धुळ्याची सुपारी आली की हटकून मास्टरांचं पोट बिघडायचं. गनी समोर आला तर काय घ्या!

चौऱ्याहत्तरच्या लगीनसराईत मास्टरांचे वरचे, समोरचे दोन दात हलायला लागले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची सारी मदार त्या दोन दातांवर. वाद्याचं तोंड त्यांनाच टेकवून धरायचं असतं. ते गेले की फुंकर कडेनं निसटते आणि स्वराऐवजी फुस्स आवाज येतो. मास्टरांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वाद्याच्या तोंडाला चिकटवला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"भाकर दूधमा कुस्करी देऊ का?" बायको मंदाबाईनं घरच्या अहिराणीत विचारलं.

"काब्रं? माले काय दात नहीत का?"

"शेत ना. पन हालतस. माले दिसत नही का?"

मास्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तीही उद्या कोट घालून वरातीपुढं उभी राहणार होती. "कोनले सांगू नको," म्हणाले. ती बिचारी कुणाला सांगणार?

अशा वेळी तबकडीचं निघालं. रेडिओ आणि ग्रामोफोनचं दुकान चालवणारे कन्हैयालाल नूतन बँडच्या दारात आले. मुंबईच्या एका लहानशा कंपनीला लग्नातल्या बँडची तबकडी काढायची होती. साहेब मशीन घेऊन जळगावातच येणार, आणि दुपारचा खेळ सुरू होण्याआधी टॉकीजमध्ये वाजवून घेणार. एका बाजूला वरातीची गाणी, दुसऱ्या बाजूला पाठवणीची धून. वर नाव, मास्टर बुलबुल आणि पार्टी. वेष्टनावर फोटो.

एरवी मास्टर नाही म्हणाले असते. तबकडी म्हणजे तर चोराला किल्ली देणं. पुन्हा पुन्हा लावून कुणीही ऐकावं. पण त्यांनी दातांवरून जीभ फिरवली आणि हो म्हटलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "मंदे, हाई शेवटली. तबकडी निंघनी का बुलबुल संपना. पन फोटो मना राही. मंग कोनी कोट घालू दे, नाव मनंच."

तर एवढंच त्यांना हवं होतं. दात जाणार, सुपाऱ्या जाणार, पण ते नाव आपल्या चेहऱ्यासकट एकदा तबकडीवर बसावं. मग चोरी केली की नाही हे विचारायला कोण येतंय?

पण संशय असा सुटतो होय? पुंजूशेठ वारले होते आणि बँड त्यांचा मुलगा सुपडूशेठ चालवत होता. हा सुपडूशेठ तबकडीचं ठरल्यापासून सारखा धुळ्याला जाऊ लागला. बरं, एकटा नाही, अभिमनला घेऊन. अभिमन म्हणजे मास्टरांच्या शेजारी उभा राहणारा दुय्यम क्लॅरिनेटवाला. उंच, काटकुळा, कामापुरतं बोलणारा. ऐन तारुण्यात बँडमध्ये आला तो तिथंच कानशिलं पांढरी करून बसला होता. मास्टर म्हणायचे, मुका माणूस दोन घरं लुटतो.

"धुयाले काय शे रे?" मास्टरांनी त्याला विचारलं.

"शेठनं काम शे," अभिमन म्हणाला आणि खाली बघू लागला.

खाली का बघतो? सरळ माणूस खाली बघत नाही. मास्टरांनी त्याच दिवशी बँडच्या दुकानातली पेटी उघडली. लाल कोट सगळे जागच्या जागी होते. लग्न नसलं की जांभळाही तिथंच असायचा, तो मात्र नव्हता.

ते तडक असलम टेलरकडे गेले. बँडचे सगळे कपडे असलमच शिवायचा. मास्टरांना दारात बघून त्यानं पायाखालचं मशीन थांबवलं आणि मांडीवरचं काहीतरी पाठीमागं सरकवलं. पण मखमल का लपते?

"काय करतोस त्या कोटाचं?"

"काही नाही मास्टर. जरा शिवण उसवली होती."

"बघू."

असलमनं नाइलाजानं कोट पुढं केला. दोन्ही बाजूंची शिवण उसवून कोट चांगला चार बोटं आत घेतला होता. एवढ्या कोटात मास्टरांचा एक हातसुद्धा धड मावला नसता. हा कोट कुणातरी काटकुळ्या माणसासाठी होत होता.

"कोणाच्या मापानं घेतलास?"

"शेठनी सांगितलंय कुणाला सांगू नको. मला कशाला मध्ये घेता मास्टर? मी टेलर माणूस."

मास्टरांच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. तबकडीवर नाव बुलबुल, वाजवणार आपण, आणि फोटोला कोट घालून उभा राहणार अभिमन. धुळ्याला फोटो स्टुडिओ असणार! पुढच्या सराईला सुपारी द्यायला येणारा बाप फोटो बघणार आणि म्हणणार, हाच बुलबुल. आपण केलं तेच, फक्त टोपी कपाळावर ओढायचीही गरज नाही. त्या रागात त्यांनी असलमच्या दुकानात चहासुद्धा घेतला नाही.

पुढल्या खेपेला सुपडूशेठ आणि अभिमन धुळ्याच्या गाडीत बसले, तेव्हा मागच्या बाकावर एक माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून, उन्हाळ्यात थंडी वाजत असल्यासारखा बसला होता. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाबा, बरं आहे ना? मास्टरांनी उपरणं आणखी घट्ट केलं. पुढं अभिमनच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीतून जांभळं काहीतरी डोकावत होतं. मास्टरांची नजर त्या पिशवीवरून हलली नाही.

धुळ्यात उतरून दोघं चालत निघाले, मास्टर मागोमाग. फोटो स्टुडिओ आला, तो मागं पडला. कापडबाजार मागं पडला. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर दोघं थांबले आणि आत गेले. मास्टर समोरच्या लिंबाच्या झाडाआडून बघत राहिले. आतल्या बाकड्यावरून एक म्हातारा उठला, खोकला, आणि अभिमननं पिशवीतून कोट काढून त्याच्या खांद्यावर चढवला. म्हाताऱ्यानं छातीवरच्या जरीवरून हात फिरवला.

तो गनी होता. नुसती हाडं राहिली होती, पण उभं राहण्याची ढब तीच.

मास्टर झाडाआड आणखी सरकले. तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर वर आली.

"अरे! तोत्या का तो? झाडामागं काय उभा आहेस? आत ये ना!"

सुपडूशेठ आणि अभिमन मागं वळले आणि दोघांचेही चेहरे पडले. मास्टर आत गेले. उपरणं काढलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा जे इतकी वर्षं घशाशी होतं ते सरळ बाहेर आलं. "घ्या गनीभाई. कोट तुमचाच आहे. मी चोरला होता. तुम्ही तापानं फणफणला होता आणि मी तुमचं नाव घेऊन बसलो."

गनी हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, तेव्हा आतून त्याची सून शहनाज पाणी घेऊन आली. पाणी पिऊन तो म्हणाला, "चोरला? अरे, कसला ताप अन् काय! मला दम लागायला लागला होता. छातीत हवा पुरत नव्हती. मीच पुंजूशेठला म्हटलं, कोट त्या तोत्याच्या अंगावर टाका. त्या दिवशी मंडपाच्या मागं बैलगाडीत बसून ऐकत होतो तुला. ती नवी जागा घातलीस, तेव्हा माझ्या डोळ्याला पाणी आलं."

मास्टर बाकड्यावर बसले. "मग सांगितलं का नाही?"

"उघड कसं सांगणार? बुलबुल बदलला म्हणून गावोगाव बोभाटा झाला असता. सुपाऱ्या तुटल्या असत्या. बँड बसला असता."

"मला तरी सांगायचं!"

"तुला मुद्दाम नाही सांगितलं," गनी म्हणाला आणि स्वतःवरच खूष होऊन त्यानं मान डोलावली. "दिलेली चीज माणूस कोनाड्यात ठेवतो, तोत्या. चोरलेली उशाशी घेऊन झोपतो. म्हटलं, पोरगा जपेल. अन् जपलीस की नाही?"

सुपडूशेठनं मग सगळं सांगितलं. वडिलांनी जाता जाता त्याला ही गोष्ट सांगितली होती. या तबकडीवर दोन्ही बुलबुलांचा फोटो यावा असं त्याच्या मनात आलं. गनीभाई यायला तयार नव्हते, म्हणून एवढे हेलपाटे. "तुम्हाला सांगितलं असतं मास्टर, पण धुळ्याचं नाव काढलं की तुमचं पोट बिघडतं. तुमच्यासाठी नवा कोट टाकलाय असलमकडे. आणि दात हलतात ते आम्हाला कधीचं माहीत आहे. तबकडी आत्ताच काढायची ती म्हणूनच."

परतीच्या गाडीत मास्टर अभिमनच्या शेजारी बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांना हलकं वाटत होतं. नाव चोरीचं नव्हतं. आपण उगाच सारी हयात दाराला कडी घालून बसलो. शेजारच्या या माणसावर आपण काय काय आळ घेतले होते, आणि तो बिचारा आपल्याच फोटोसाठी धुळ्याच्या खेपा घालत होता! मास्टरांना लाज वाटली. तबकडी झाली की नाव याला द्यायचं, चारचौघांत द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. सांगावंसं वाटलं, पण सवय नव्हती. पारोळ्याला त्यांनी अभिमनला भजी घेऊन दिली आणि अभिमननं इतक्या संशयानं ती हातात घेतली की मास्टरांना हसू आलं.

तबकडीच्या दिवशी टॉकीजमध्ये पडद्यासमोर बँड उभा राहिला. गनी पहिल्या रांगेत खुर्चीवर, जांभळा कोट घालून. मुंबईचे साहेब मशीनपाशी. कन्हैयालाल दारात, कुणी आत येऊ नये म्हणून. आधी दोघा बुलबुलांचा फोटो झाला, मग पहिली बाजू झाली, वरातीची गाणी, आणि झाली ती फक्कड झाली. मग साहेबांनी बोट वर केलं आणि मास्टरांनी पाठवणीची धून धरली.

दुसऱ्या ओळीवर दात गेला. मोडला नाही, उपटूनच आला आणि वाद्याच्या तोंडाबरोबर हातात राहिला. क्लॅरिनेटमधून नुसती हवा फुसफुसली. साहेबांनी मशीन थांबवलं. मास्टरांनी रुमालानं तोंड पुसलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग त्यांनी जे केलं ते जळगावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपली क्लॅरिनेट अभिमनच्या हातात दिली.

"तू वाजाड," म्हणाले. "बुलबुलना नाववर वाजाड. आजपाईन नाव तुनं."

अभिमन हातातल्या वाद्याकडे बघत राहिला. मग त्यानं ते तोंडाला लावलं. पुन्हा मशीन सुरू झालं. पहिली ओळ छान गेली, दुसरी त्याहून छान. गनीनं पुढं वाकून मान डोलावली. मधली जागा आली, आणि अभिमन थांबला. ढोलवाला आपल्या नादात वाजवत राहिला, मग तोही थांबला.

"काय व्हयनं?" मास्टरांनी विचारलं.

"आठेथून पुढे माले येत नही, मास्टर."

"येत नही? इतला वरीस मना शेजारे उभा ऱ्हायना ना तू!"

अभिमननं क्लॅरिनेट छातीशी धरली. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "पहिलाच वरीसले एरंडोलना लगीनमा मी ती जागा गुणगुणी ऱ्हायन्थू," तो म्हणाला. "तुम्ही बठ्ठास्ना समोर माले चोर म्हनं. ढोलवर हात ठेवाडीसन मायनी आन लेवाडी, का ती जागा कधी शिकाव नही. तैनपाईन तुम्ही पाठ फिरावनी का मी कानमा बोटं घाली लेऊ. लोकेस्ले वाटे, माले ढोल सहन व्हत नही."

मास्टरांना एरंडोलचं ते लग्न आणि सगळ्यांसमोर घ्यायला लावलेली ती आईची शपथ आठवतसुद्धा नव्हती. ते वर्षानुवर्षं डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याची बोटं बघत आले होते. ती बोटं कानात आहेत हे त्यांनी कितीदा पाहिलं असेल, पण त्याचा अर्थ काय, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"तोत्या," गनी खुर्चीतून म्हणाला, "कुणालाच शिकवली नाहीस?"

गनीचा हसरा चेहरा हळूहळू उतरला आणि त्यानं छातीवरची जरी हातानं झाकली.

मास्टर अभिमनच्या अगदी समोर, त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि ती जागा गुणगुणू लागले. पण ती गळ्याची जागा नव्हतीच. ती होती बोटांची आणि फुंकरीची, आणि मास्टरांचं तोंड सुजत चाललेलं. अभिमननं जीव तोडून प्रयत्न केला. दोन सूर आले, तिसरा भलतीकडे गेला. मास्टर हात जोडून म्हणाले, अजून एकदा. बाहेर दुपारच्या खेळाचे लोक दार वाजवू लागले होते. शेवटी साहेब म्हणाले, "तेवढा तुकडा सोडून द्या. तिथं ढोल चालू ठेवा, पुढची ओळ घ्या." तसं केलं.

अभिमननं बुलबुल हे नाव घेतलं नाही. त्याच पावसाळ्यात तो भुसावळच्या बँडमध्ये गेला आणि आपल्याच नावानं वाजवू लागला. जाताना मास्टरांच्या पाया पडून गेला.

तबकडी दिवाळीच्या सुमाराला आली. वेष्टनावर दोन बुलबुल, दोन कोट. कन्हैयालालनी दुकानात ती लावली, तेव्हा बरीच माणसं जमली होती. मास्टर मागं उभे होते. पाठवणीची धून सुरू झाली, बायका पदर हातात धरून त्या जागेची वाट बघू लागल्या, आणि ती जागा आली तेव्हा नुसता ढोल वाजला. मग पुढची ओळ.

"असं कसं?" कन्हैयालालनी सुई उचलली. "ही तबकडी खराब निघाली. थांबा, दुसरी लावतो."

मास्टर पुढं आले आणि त्यांनी कन्हैयालालांचा हात धरला.

"नका बदलू शेठ," ते म्हणाले. "सगळ्या अशाच शेत."